बारा गाठींचा दोर

“यंदा एवढीच?” फाटकावरच्या चौकीदारानं विचारलं.

माणूस वाईट नव्हता, पण नेमकं दुखऱ्या जागेवर बोट ठेवायची काही माणसांना देणगीच असते. जंगलातल्या वाटेच्या तोंडाशी लाकडी चौकीत बसून तो तिकिटं फाडायचा, आणि दर वर्षी मावशीच्या मागची मुलांची लांबलचक रांग बघून म्हणायचा, आली का तुमची आगगाडी. यंदा गाडीला डबे तीनच होते. पाच वर्षांची एक मुलगी, तीन वर्षांचं एक पिटुकलं आणि सहा वर्षांचा एक मुलगा. मावशीनं पिशवीतून दोर काढता काढता सांगितलं, बाकीची पुढच्या खेपेला येतील. पुढची खेप होणार की नाही हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं, पण ते चौकीदाराला कशाला सांगा.

दोर सुती होता, अंगठ्याएवढा जाड, आणि त्याला हातहातभर अंतरावर बारा गाठी मारलेल्या होत्या. पाळणाघर चालवणाऱ्या बायका मुलांना बाहेर न्यायचं तर काय काय करतात. कोणी शिट्टी वाजवतं, कोणी सगळ्यांना पिवळ्या टोप्या घालतं. मावशीचा आपला दोर. एका गाठीला एक मूल, आणि पुढचं टोक तिच्या तळहाताला दोन वेढे देऊन घट्ट. मग ती खुशाल पुढं बघून चालायची. कोणी मुंगी बघायला थबकलं की दोराला हिसका बसायचा, कोणी पळायला लागलं की तो सैल पडायचा, दोघांची मारामारी जुंपली की थरथरायचा. कुठल्या गाठीवर काय चाललंय ते तिचा तळहात तिला बिनचूक सांगायचा. आया म्हणायच्या, मावशीला पाठीमागंही डोळे आहेत. डोळे कसले डोंबलाचे, हात होता.

म्हणून तिचे नियम मोजके, पण मुलांना झोपेतून उठवून विचारले तरी पाठ. दोर जड ठेवायचा, म्हणजे मावशीला कळतं आपण आहोत. कोणाचं काही पडलं तर ते शेवटच्या गाठीवाल्यानं उचलायचं. आणि चुकूनमाकून कोणी हरवलंच, तर आहे तिथं खाली बसायचं, जागचं हलायचं नाही.

शेवटची गाठ हा पाळणाघरातला सगळ्यात मोठा मान. तो मागून मिळत नसे, जो मोठा आणि भरवशाचा त्यालाच मिळे. यंदाचा मानकरी तो सहा वर्षांचा. शेवटी चालायचा म्हणून त्याचं नाव शेपूट पडलं होतं, आणि घरीदारी कोणी खऱ्या नावानं हाक मारली तर तो ओ देत नसे. मुलगी होती ती फौजदार. कोणी कोणाचा खोडरबर घेतला, कोणी हात न धुता डबा उघडला, सगळी खबर हिच्याकडं. आणि पिटुकली ती गोटी, कारण ती होतीच तशी, गोल आणि हातातून निसटणारी.

गोटीनं पहिली गाठ धरली, फौजदारनं दुसरी. शेपूट चालत चालत पार बाराव्या गाठीपाशी जाऊन उभा राहिला. मधल्या नऊ गाठी धुळीत लोळत होत्या.

“दुमडून घ्या की दोर,” चौकीदार म्हणाला. “नाहीतर कापून टाका निम्मा. एवढा लोंबतोय कशाला?”

माझ्या दोराचं मी बघते, असं मावशीनं त्याला सुनावलं, आणि निघाली. दोर कापायचं तिला सांगणारा हा काही पहिला नव्हता. पण दोर कापला की संपलंच, असं तिच्या मनानं घेतलं होतं. लांब दोराला मुलं परत लागतील, आखूड दोराला कशाला लागतील. हे तिनं कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, दाखवलं असतं तर लोक हसले असते. तिची भावजय तर फोनवर उठता बसता म्हणायची, सुंभ जळाला तरी पीळ जात नाही तुमचा.

तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत एके काळी बारा मुलं असायची, आणि तेराव्याला नाही म्हणताना मावशीच्या नाकी नऊ यायचे. बायका पोटुशी असतानाच येऊन सांगून ठेवायच्या, मावशी, आमची जागा धरा. नवरा जाऊन जमाना झाला होता, पोटी मूल नव्हतं, पण दिवसभर घरात इतकी पोरं असायची की त्याचं दुःख करायला तिला सवड झाली नाही. मग कोपऱ्यावर नवं पाळणाघर उघडलं. खाली मऊ रबराची जमीन, भिंतीवर रंगीत जिराफ, आणि प्रत्येक खोलीत कॅमेरा. ऑफिसात बसल्या बसल्या आईनं फोन उघडायचा आणि आपलं मूल बघायचं. मावशीकडं कॅमेरा नव्हता. मावशीकडं मावशी होती, आणि तेवढं आता कोणाला पुरत नव्हतं. एकेक मूल गेलं. कोणी भांडून गेलं नाही, सगळी गोड बोलून गेली. भांडली असती तर निदान दोन शब्द उलट बोलता आले असते.

राहिली ही तीन. आणि गेल्या आठवड्यात दारात बूट चढवता चढवता शेपटाची आई म्हणाली होती, की तिकडं एक जागा रिकामी झालीय, विचार चाललाय, अजून ठरलं नाही. पोरगं तर नुसतं जंगल जंगल करतंय, तेवढं जाऊन येऊ दे, मग बघू. बाकी दोघींच्या आया तिच्या मैत्रिणी होत्या. ती जाईल तिकडं त्या जाणार हे उघड होतं. म्हणजे शेपूट राहिला तर पाळणाघर राहणार, आणि शेपूट गेला तर दोन खोल्या सोडून मावशी धाकट्या भावाकडं जाणार. तिथं न्हाणीघर आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात तिच्यासाठी खाट टाकून झाली होती. भावजयीनं तेही आनंदानं फोनवर सांगितलं होतं.

तर एवढं सगळं त्या एका फेरीवर टांगलेलं होतं. आणि नेमकं त्या दिवशी सकाळी फौजदारच्या आजीचा फोन आला की गुडघा सुजलाय, मला येववत नाही.

ही आजी रांगेच्या मागून चालणार होती. आयांना तसंच सांगितलेलं होतं. पुढं मी, मागं आजी, काळजी नको. एकटीनं तीन मुलं जंगलात न्यायची नाहीत हे मावशीला कळत नव्हतं असं नाही, तिनं आयुष्य त्यातच घातलं होतं. पण तोवर आया मुलांना सोडून कामावर गेल्या होत्या, तिघं पाठीला दप्तरं लावून दारात उभी होती, आणि शेपूट विचारत होता, निघायचं ना. फोन करून सांगावं तर आया म्हणणार, राहू द्या मग मावशी. आणि त्या ‘मग बघू’चं काय होणार ते दिसतच होतं. मावशीनं फोन पिशवीत टाकला आणि त्यावर खुंटीवरचा दोर. चुकलंच तिचं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर चांगला अंगठ्याएवढा दोर होता.

वाट तशी सोपी होती. आधी उंच झाडांतून सपाट, मग ओढ्यावरचा लाकडी पूल, मग थोडा चढ, आणि वर पसरलेला एक भलामोठा काळा दगड. बसलेल्या म्हशीसारखा दिसतो म्हणून मुलं त्याला म्हैस म्हणायची. म्हशीवर बसून डबे खायचे आणि उतारानं बांबूच्या बेटातून फाटकाशी परत यायचं. मोठ्या माणसाला तासाभराची वाट, पण मुलांबरोबर तिला सगळी दुपार लागायची, कारण प्रत्येक वारूळ, प्रत्येक गळलेलं पीस आणि प्रत्येक शेणाचा पो थांबून बघावा लागे. फौजदारनं एका वारुळाची कसून चौकशी केली आणि मुंग्या रांगेत नीट चालतात असा निकाल दिला. गोटीला पुलाच्या फटीतून पाणी दिसलं तशी ती तिथंच बसली आणि पाण्याला टाटा करून झाल्याशिवाय उठली नाही.

मागून शेपटानं विचारलं, “मावशी, मधल्या गाठींवर कोण आहे?”

“मोठी झालेली मुलं.”

“मला दिसत नाहीत.”

“मलाही दिसत नाहीत आता,” मावशी म्हणाली.

त्यावर त्यानं बराच विचार केला. मग म्हणाला, की तरी पण तो त्यांच्यावरसुद्धा लक्ष ठेवील, कारण तो शेवटचा आहे. मावशीला हसू आलं. तळहाताला त्याची ओढ लागत होती. जरा खेच, जरा सैल, मध्येच उडी. किती महिन्यांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

म्हशीवर बसून त्यांनी पाव आणि केळी खाल्ली. शेपटाच्या बुटाची नाडी सुटली होती ती त्यानं स्वतः बांधली आणि पाय पुढं करून दाखवली. दुहेरी गाठ होती. मागच्याच महिन्यात मावशीनं त्याला मांडीवर बसवून ती शिकवली होती, आणि तेव्हापासून तो दिसेल त्याला दुहेरी गाठ मारत सुटला होता, पडद्याला, पाण्याच्या बाटलीला, फौजदारच्या वेणीला. आता दोन्ही गालांत केळं कोंबून तो म्हणाला, की शाळेत गेल्यावरसुद्धा तो दोर धरायला येणार आहे.

“आई काय म्हणते?” मावशीनं जपून विचारलं.

“आई म्हणते बघू. मी म्हटलं बघू नको, हो म्हण.”

“मग?”

“मग ती हसली.”

हसली म्हणजे अर्धं काम झालं, असं मावशीनं धरलं. आशेला काय, खुंटी दिसली की ती आपली लटकते. म्हशीवरून उतरताना ती मनातल्या मनात पावसाळ्याआधी भिंतींना रंग द्यायचं ठरवत होती, आणि जिराफ आपल्यालाही काढता येईल की काय याचाही विचार करत होती.

उतारावर गोटी पेंगायला लागली. गाठ धरायची सोडून ती मावशीच्या पायांत यायला लागली, तेव्हा मावशीनं तिला उचलून खांद्यावर टाकलं. वाट इथं अरुंद होती आणि सारखी वळत होती. दोन्ही बाजूंना बांबूची दाट बेटं. दोर लांब, त्यामुळं पहिलं मूल वळणाच्या अलीकडं असलं की शेवटचं पलीकडं असायचं. दोर दुमडला असता तर शेपूट चार पावलांवर दिसला असता. पण वळून बघायची मावशीला सवय नव्हती, आणि खांद्यावर गोटीचं डोकं होतं.

“शेपूट, आहेस ना रे?” तिनं हाक मारली.

“आहे.”

पुढच्या वळणावर तिनं परत विचारलं, तेव्हा फौजदार काहीतरी सांगत होती, त्यात उत्तर आलं की नाही ते कळलं नाही. पण दोर जड होता. चांगला जड होता. आणि ओढ एकसारखी लागत होती, ना हिसका ना ढिलाई. लहान मुलाची ओढ कधी एकसारखी लागत नाही. जगात दुसऱ्या कोणाला हे ठाऊक नसेल, पण मावशीला ठाऊक असायला हवं होतं. तिच्या तळहाताला ते जाणवलंसुद्धा. पण तिला वाटलं, पोरगं दमून कसं शहाण्यासारखं चालतंय, संध्याकाळी आईला सांगायला बरं.

तशी ती बरीच चालली. फाटक जवळ आल्याच्या खुणा दिसायला लागल्या तेव्हा फौजदारनं मागं वळून बघितलं, कारण मागं बघणं हे तिचं कामच होतं.

“मावशी,” ती म्हणाली, “शेपूट नाहीये. त्याचं दप्तर येतंय.”

मावशी वळली. वळणावरून दोर येत होता, रिकाम्या गाठी एकामागून एक येत होत्या, आणि शेवटच्या गाठीला बांधलेलं निळं दप्तर पाचोळ्यातून घसटत येऊन थांबलं. पट्टे गाठीला पक्के बांधलेले होते. दुहेरी गाठ होती, तिनं शिकवलेली.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं आधी शेपूट म्हणून हाक मारली, मग खऱ्या नावानं मारली, मग नुसतीच ओरडली. बांबूच्या पानांखेरीज कोणी बोललं नाही. खाली कुठंतरी ओढ्याचा आवाज येत होता. मघाशी पुलावर तो गोड लागला होता, आता तिला तो ऐकवेना. ती आल्या वाटेनं उलटी चढायला लागली. खांद्यावर गोटी, एका हाताच्या मुठीत फौजदारचं मनगट, आणि हाताला गुंडाळलेला दोर तसाच. दप्तर मागून ठेचकाळत येत होतं. या वाटेला दोन फाटे फुटतात, दोन्ही खाली ओढ्याकडं जातात. पहिल्या फाट्याशी उभं राहून तिनं हाका मारल्या, दुसऱ्याशी मारल्या. त्या उतारावर दोन मुलं घेऊन उतरायचं म्हणजे तिघींनी बुडायचं. आणि दोघींना वर ठेवून खाली जायचं, तर त्या दोघी कोणाच्या भरवशावर. तिनं फोन काढला. फोन लागत नव्हता. एवढा वेळ फौजदार गप्प होती, आता तिनं भोकाड पसरलं.

शेवटी मावशी फाटकाकडं निघाली. त्याला जंगलात ठेवून आपण उलट्या दिशेला चाललो आहोत, हे तिला पावलापावलाला टोचत होतं.

चौकीदार चांगला निघाला. एक शब्द न बोलता त्यानं काठी उचलली, बाजूच्या चहाच्या टपरीवरच्या दोघांना हाक मारली आणि धावला. चौकीतल्या फोनसमोर मावशी उभी राहिली. मनात आलं, जरा थांबावं. एवढ्यात सापडलाच तर कळवायचं तरी कशाला, कोणाला पत्ता लागणार. असं मनात आलं याची तिला इतकी शरम वाटली की तिनं लगेच आकडे दाबायला घेतले. शेपटाच्या आईला तिनं सांगितलं तेव्हा पलीकडून किंकाळी नाही आली, रडणं नाही आलं. येते, एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

ती आली तेव्हा तिच्या गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच होतं. चौकीबाहेरच्या बाकावर ती बसली. मावशी शेजारी बसली नाही, समोर उभी राहिली, गुन्हेगारानं उभंच राहायचं असतं. दोघी वाटेकडं बघत होत्या. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. आईनं तिला काहीही विचारलं नाही. विचारलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, तर मावशीला त्या गोड लागल्या असत्या.

मग वाटेच्या वळणावर चौकीदार दिसला, आणि त्याच्या खांद्यावर बसलेला शेपूट.

आईनं धावत जाऊन त्याला ओढून घेतलं आणि तेव्हा कुठं ती रडली. चौकीदार धापा टाकत सांगत होता, की दुसऱ्या फाट्यानं खाली, ओढ्याच्या अलीकडं, बांबूच्या बुडाशी पोरगं मांडी घालून बसलं होतं. पाण्याच्या आवाजात त्याला हाका ऐकू आल्या नाहीत. आणखी थोडं खाली गेला असता तर माझ्यानं सांगवत नाही, तो म्हणाला, पण पोरगं जागचं हलत नव्हतं बघा, मी ये म्हटलं तरी येईना.

शेपूट आईच्या मिठीतून मान काढून मावशीला शोधत होता. त्याच्या हातात गोटीचा लाल बूट होता. मावशीनं गोटीच्या पायांकडं बघितलं. एक पाय नुसता मोज्यात होता. उचलून घेताना बूट निसटला होता आणि उतारावरून घरंगळत गेला होता, आणि ते तिच्या गावीही नव्हतं.

“गोटीचा बूट पडला होता,” तो म्हणाला. “मी उचलला. मग वाट सापडेना, मग मी बसलो.”

मावशीनं मान हलवली.

“मावशी, दोर जड होता ना?”

“होता रे,” मावशी म्हणाली. “अगदी जड होता.”

त्यानं समाधानानं मान डोलावली. काम चोख झालं होतं त्याचं. तिनं शिकवलेलं एकूण एक त्यानं पाळलं होतं, एकही नियम मोडला नव्हता.

आईनं डोळे पुसले, चौकीदाराचे आभार मानले, इकडं तिकडं बघितलं. मग तिनं अगदी साधेपणानं विचारलं, की आजी कुठं आहेत, त्यांचा जीव किती घाबरा झाला असेल. मावशीच्या तोंडून शब्द फुटायच्या आत फौजदारनं खबर दिली. रडून रडून तिचं नाक लाल झालं होतं, पण चौकशी झाली की खरं सांगायचं एवढं तिला ठाऊक होतं.

“आजीचा गुडघा सुजलाय. ती आलीच नाही.”

आई मावशीकडं बघत राहिली. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मावशीला खाली मान घालता आली असती.

“नुसतं चुकलं असतं तर मी समजून घेतलं असतं, मावशी,” ती हळू म्हणाली. “मुलं कोणाच्याही हातून सुटतात. पण तुम्ही सकाळी मला एक फोन केला असतात तर.” मुलाला घेऊन ती गाडीकडं गेली. दप्तर घ्यायचं राहिलं ते चौकीदारानं सोडवून नेऊन दिलं. दुहेरी गाठ सोडवताना त्याला बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं नेहमीसारखं अंगण झाडलं, पाणी भरलं, आणि तीन सतरंज्या अंथरल्या. कोणी येणार नाही हे ठाऊक असताना अंथरल्या. हाताची सवय, दुसरं काय. दुपारी फौजदारचे वडील येऊन तिचे आणि गोटीचे जादा कपडे घेऊन गेले, तेही गोड बोलून. शेपटाची आई दोन दिवसांनी आली. मावशीनं त्याचे कपडे धुऊन, घडी करून ठेवले होते, वर त्याचा पाण्याचा प्याला. आईनं पिशवी घेतली, मावशीचा हात क्षणभर हातात धरला, आणि सांगितलं की तो सारखी तुमची आठवण काढतो. मावशीला माहीत होतं, मुलं आठवण काढतात. थोडे दिवस काढतात. गाडीत मागच्या सीटवर पट्टा बांधून तो बसला होता. काचेआडून तो तिला काहीतरी सांगत होता, दोन्ही हात पुढं करून, जणू काहीतरी घट्ट धरल्यासारखे. मावशीनं कळल्यासारखी मान हलवली.

महिन्याच्या शेवटी भाऊ टेम्पो घेऊन आला. सामान होतंच किती. एक कपाट, एक पेटी, गादी, चार भांडी. बारा छोट्या खुर्च्या भंगारवाल्यानंही नको म्हटल्या होत्या, एवढ्याशा खुर्चीत बसणार कोण, असं तो म्हणाला. त्या तशाच रिकाम्या खोलीत भिंतीला लावून राहिल्या. भाऊ मनानं चांगला होता, फक्त त्याला बोलल्याशिवाय काम करता येत नसे. बरं झालं एकदाचं, आता आराम कर, किती दिवस लोकांची पोरं सांभाळणार, असं सगळं बोलून झालं. मग कपाट बांधायला दोर हवा होता, तो त्याला दाराच्या खुंटीवर दिसला.

गाठींमुळं दोर सरकेना. भाऊ वैतागला, एवढ्या गाठी कोणी मारल्या म्हणून विचारू लागला. मीच मारल्या, मावशी म्हणाली. त्यानं एक दोन सोडवून बघितल्या. इतक्या वर्षांच्या घामट मुठींनी त्या दगडासारख्या झाल्या होत्या, हलल्या नाहीत. शेवटी कपाट आणि गादी कशीबशी आवळली गेली, आणि तरी दोर बराच उरला.

“कापून टाकू का हा?” भावानं विचारलं. “लोंबतोय नुसता. चाकात जाईल.”

“नको,” मावशी म्हणाली. “दे माझ्याकडं.”

पुढं टेम्पोवाला आणि भाऊ दोघंच मावत होते. भावानं तिला आग्रह केला, तू पुढं बस, मी मागं बसतो. तिनं ऐकलं नाही. ती मागं चढली, पेटीवर बसली, घराकडं तोंड करून. उरलेला दोर तिनं मांडीवर घेतला. चाचपत चाचपत शेवटची गाठ हाताला लागली, ती तिनं मुठीत धरली. या टोकाला ती कधी आली नव्हती. इथून पुढचं काहीच दिसत नाही, हे इतक्या वर्षांत एकाही मुलानं तिला सांगितलं नव्हतं.

टेम्पो सुरू झाला. गल्लीतली दारं मागं जायला लागली.

“आहेस ना गं?” भावानं पुढून ओरडून विचारलं.

“आहे,” मावशी म्हणाली, आणि तिनं दोर जड धरला.